विश्वास आणि देवाने दिलेली देणगी पुढच्या पिढीच्या हाती सोपवताना : तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

आपला विश्वास आणि घरात चालत आलेली कला मुलांपर्यंत पोचावी, असे जवळजवळ प्रत्येक विश्वासू आईवडिलांना मनापासून वाटते. चूक होते ती क्रमात. बहुतेक घरांत शेवटची पायरी सर्वांत आधी चढली जाते. सहा-सात वर्षांच्या मुलाला ख्रिस्ती मंडळीपुढे गायला उभे केले जाते, त्याच्याकडून वचने तोंडपाठ म्हणवून घेतली जातात, सगळे कौतुक करतात आणि वारसा पोचला असे मानून मोठी माणसे निश्चिंत होतात. सोळा-सतराव्या वर्षी तेच मूल गाणे सोडते आणि गाण्याबरोबर प्रार्थनाही सोडते, कारण या दोन गोष्टी त्याच्या मनात कधी वेगळ्या रुजलेल्याच नसतात.

खालचे टप्पे हा क्रम सरळ करण्यासाठी दिले आहेत. कोणता टप्पा कधी घ्यायचा हे मुलाच्या वयापेक्षा आधीचा टप्पा नीट झाला आहे की नाही यावरून ठरवावे. मुले मोठी झाली असली तरी सुरुवात तयारीपासूनच करावी.

## तयारी : मुलाला काही सांगण्याआधी

बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात हा क्रम स्पष्ट दिसतो. वचने आधी आईबापांच्या स्वतःच्या हृदयात असावीत, असे सहावे वचन सांगते. ती मुलांच्या मनावर बिंबवण्याची आज्ञा त्यानंतर, सातव्या वचनात येते. म्हणून पहिली तपासणी स्वतःची करावी. गेल्या महिन्यात कोणी पाहत नसताना मी प्रार्थना केली का? घरातल्या कोणाची मी चूक कबूल करून माफी मागितली का? माझ्याकडे असलेली देणगी मी स्वतः वापरतो आहे, की तिच्याबद्दल फक्त बोलतो आहे? या प्रश्नांची उत्तरे नाही अशी आली, तर मुलाला शिकवणे काही आठवडे पुढे ढकलावे. त्याने नुकसान काहीच होत नाही.

दुसरी तयारी वहीची आहे. आजी-आजोबांपर्यंत, आणि माहिती मिळत असेल तर त्याही मागे जाऊन, प्रत्येक व्यक्तीबद्दल चार गोष्टी लिहून काढाव्यात : तिला काय चांगले येत होते किंवा येते, ती ते कोणाकडून शिकली, तिने ते कोणाला शिकवले, आणि ते देवाच्या व माणसांच्या सेवेत कुठे वापरले गेले. तिसरा रकाना जिथे रिकामा राहील तिथे साखळी तुटली असे समजावे.

ही वही भरताना गायन, वादन आणि वक्तृत्व लगेच आठवते, बाकीचे सुटते. बायबलच्याच निर्गम या पुस्तकाच्या 31 व्या अध्यायात देवाने आपल्या आत्म्याने परिपूर्ण केलेला बसालेल हा कारागीर आहे. सोने, चांदी आणि पितळ घडवणे, रत्नांना पैलू पाडणे आणि लाकडावर कोरीवकाम करणे हे त्याचे काम. हातांचे कसब ही दुय्यम देणगी आहे असे शास्त्र (बायबल) कुठेही मानत नाही. त्यामुळे आजारी माणसाच्या उशाशी न बोलता तासन्‌तास बसता येणे, दुसऱ्याच्या पैशांचा हिशेब चोख ठेवणे, भांडलेल्या दोघांना पुन्हा बोलते करणे, नवख्या पाहुण्याला अवघडल्यासारखे वाटू न देणे, हेही त्याच वहीत आणि तेवढ्याच ठळकपणे लिहावे.

तिसरी तयारी घरातल्या मोठ्यांच्या बोलण्याची आहे. आईवडिलांपैकी एकच जण विश्वासात असेल, तर काम थांबवण्याची गरज नाही. नव्या करारातल्या तीमथ्याचा बाप ग्रीक होता, आणि त्याचा गुरू प्रेषित पौल ज्या निष्कपट विश्वासाचा उल्लेख करतो तो त्याला आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून मिळाला होता. मात्र जोडीदाराच्या नकळत मुलाला काही शिकवू नये आणि त्याच्याबद्दल मुलासमोर कमीपणाचे बोलू नये. लपवून शिकवलेली श्रद्धा मुलाला चोरटेपणा शिकवते.

पडताळणी : वहीतली कोणती देणगी आज एकाच वृद्ध व्यक्तीकडे उरली आहे, त्यावर खूण करावी. बाकीच्या गोष्टी वाट पाहू शकतात; तिच्याबाबतीत चौथ्या आणि आठव्या टप्प्यांतले काम याच महिन्यात सुरू करावे.

## टप्पा 1 : तुमचे आचरण मुलाच्या नजरेत येऊ द्या

अनेक आईवडील पहाटे दार लावून प्रार्थना करतात आणि मुलांना संध्याकाळी प्रार्थनेचे महत्त्व सांगतात. मुलाने प्रत्यक्ष कधी काही पाहिलेलेच नसते. रोजची प्रार्थना अधूनमधून तरी घरातल्या अशा ठिकाणी करावी की येता-जाता मूल ती पाहील; त्याला बोलावू नये आणि थांबवूही नये.

कौटुंबिक प्रार्थना लहान असावी. एक छोटा उतारा, एक गीत, प्रत्येकाची एखादी विनंती, एवढे दहा-पंधरा मिनिटांत होते आणि ते रोज टिकते. तासभराची उपासना थोड्याच आठवड्यांत बंद पडते. याखेरीज अनुवादातले तेच सातवे वचन चार प्रसंग सांगते : घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. यांपैकी चालण्याचा प्रसंग सर्वांत कमी वापरला जातो, आणि माझ्या मते तो सर्वांत उपयोगी आहे, कारण बरोबरीने चालताना मुलाला तुमच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही आणि अवघड प्रश्न सहज बाहेर येतात.

सावधान : प्रार्थनेतून मुलाला बोल लावू नये. "देवा, हिला अभ्यास करायची आणि उलट न बोलायची बुद्धी दे," असे तिच्या देखत म्हटले की ती मान खाली घालून डोळे मिटते, पण त्याच क्षणी तिला कळते की हे बोलणे देवाशी चाललेले नाही. मुलाबद्दल सांगायचे असेल तर मुलाला सांगावे, आणि देवाजवळ त्याच्यासाठी उपकारस्तुती करावी.

## टप्पा 2 : घराण्याची साक्ष सांगा, अपयशासकट

यार्देन नदी ओलांडल्यावर इस्राएल लोकांचा पुढारी यहोशवा याने बारा धोंडे उभे केले ते पुढे मुलांनी "हे काय आहे?" असे विचारावे म्हणून. आधी प्रश्न उठेल अशी वस्तू, मग प्रश्न, आणि त्यानंतर उत्तर, असा तो क्रम आहे. घरात अशी एखादी वस्तू असतेच. पणजीचे शास्त्र घ्या : पाठीचा दोरा सुटलेला, स्तोत्रांची पाने बोटांच्या तेलाने पिवळी पडलेली, आणि समासात शिसपेन्सिलीने टिपलेल्या तारखा. ते कपाटात कुलूपबंद ठेवले तर मूल काय विचारणार? ते हाताळता येईल असे ठेवावे, आणि मुलाने एखाद्या तारखेवर बोट ठेवले की त्या दिवशी घरात काय घडले होते ते सांगावे.

एका वेळी एकच गोष्ट सांगावी आणि ज्याची ती आहे त्यानेच शक्यतो सांगावी. तीत ठिकाण, माणसे, त्या वेळची भीती, केलेली प्रार्थना आणि पुढे काय झाले, हे सर्व यावे. ज्या प्रार्थनेनंतर माणूस बरा झाला ती सांगितली, तर ज्या प्रार्थनेनंतरही माणूस गेला तीही सांगावी. केवळ यशाच्या साक्षी ऐकून वाढलेल्या मुलाच्या आयुष्यात पहिली अनुत्तरित प्रार्थना आली की त्याला वाटते, आपल्यातच काही खोट आहे किंवा घरच्यांनी आपल्याला फसवले आहे. पूर्वजांचे दोषही वयाला झेपतील असे सांगावेत. शास्त्र याजक एलीच्या मुलांचे आणि संदेष्टा शमुवेलाच्या मुलांचे वागणे लपवत नाही.

पडताळणी : काही दिवसांनी मूल तीच गोष्ट भावंडाला किंवा मित्राला स्वतःच्या शब्दांत सांगते का, ते ऐकावे. तपशील चुकले तरी चालतील, पण देवाने त्यात काय केले हा भाग गळला असेल, तर तुमच्या सांगण्यातच तो अस्पष्ट होता असे समजावे.

## टप्पा 3 : देणगी ओळखा, शिक्का मारू नका

ओळखण्यासाठी मुलाबरोबर एकट्याने घालवलेला वेळ लागतो. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन आणि चार्ल्स वेस्ली यांची आई सुझाना हिने मोठ्या कुटुंबातही आठवड्याच्या संध्याकाळी मुलांमध्ये वाटून दिल्या होत्या. जॉनच्या वाट्याला गुरुवार होता. तुमच्या घरी आठवड्यातून अर्धा तास जमला तरी पुरेसा आहे, पण तो त्याच मुलाचा असावा आणि त्या वेळात उपदेश करू नये.

काय पाहायचे? कोणी न सांगता मूल कशाकडे परत परत वळते. इतरांच्या लक्षात न येणारी चूक त्याला कुठे खटकते. फसल्यावर कोणत्या कामात ते पुन्हा हात घालते. आणि त्याच्या कोणत्या वागण्याने आसपासच्या माणसांना खरोखर बरे वाटते. चौथी खूण सर्वांत भरवशाची आहे आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. काही महिने हे केवळ वहीत टिपून ठेवावे.

"आजोबांचा गळा हिच्यात उतरला आहे," हे वाक्य प्रेमाने बोलले जाते, पण त्याने दोन मुलांचे नुकसान होते. जिच्याबद्दल ते बोलले जाते तिच्यावर आजोबांचे ओझे पडते, आणि शेजारी बसलेल्या भावाला कळते की आपल्याला काही मिळालेले नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25 व्या अध्यायातल्या दाखल्यात धन्याने चाकरांना दिलेल्या पैशांची पाच, दोन आणि एक अशी वाटणी ज्याच्या-त्याच्या योग्यतेप्रमाणे झाली, एक मिळालेल्याने ते जमिनीत पुरले, आणि पाच कमावणाऱ्याला व दोन कमावणाऱ्याला धन्याने शब्दशः एकच शाबासकी दिली. घरातही कौतुकाचे शब्द सारखेच ठेवावेत.

देणगी पुढच्या पिढीत रूप बदलून येऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे. आजोबांची सुतारकामातली नजर नातीत यंत्रे दुरुस्त करण्याच्या आवडीत दिसेल. तिला जबरदस्तीने लाकडाकडे वळवू नये.

## टप्पा 4 : कसब शिकवा

या टप्प्यावर सर्वाधिक वेळ द्यावा. देणगी देवाची आहे म्हणून ती आपोआप फुलेल, ही समजूत फार पसरलेली आहे आणि तिच्यामुळे कितीतरी चांगले गळे आणि चांगले हात कच्चे राहतात. बायबलमधल्या ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाच्या 25 व्या अध्यायात आसाफ, यदूथून आणि हेमान यांची मुले आपापल्या बापाच्या हाताखाली शिकतात, आणि परमेश्वराच्या गायनात निपुण झालेल्यांची संख्या तिथे 288 अशी दिली आहे. ते सर्व शिकलेले होते.

शिकवणारा ठरवा. निर्गमाच्या 35 व्या अध्यायात बसालेल आणि अहलियाब यांना इतरांना शिकवण्याची बुद्धीही दिल्याचा वेगळा उल्लेख आहे, यावरून उत्तम करणारा प्रत्येक जण उत्तम शिकवणारा असतोच असे नाही, हे ओळखावे. घरातली जाणती व्यक्ती उतावळी असेल, तर बाहेरचा शिक्षक लावावा आणि घरच्या व्यक्तीने ऐकणाऱ्याची, पाहणाऱ्याची भूमिका घ्यावी.

साधनापासून सुरुवात करा. सुतारकामात पहिला धडा लाकूड कापण्याचा नसतो, पटाशीला धार लावण्याचा असतो. आधी पटाशीची मागची बाजू दगडावर सपाट करायची; मग धारेचा उतार साधारण 25 ते 30 अंशांच्या कोनात टेकवून, कोन न हलवता, घासत राहायचे; मागच्या बाजूला धातूची बारीक कोर उलटलेली बोटाला जाणवली की पाते उलटून ती कोर हलकेच काढून टाकायची. मुलाची बोटे काळी होतात, कोन ढळतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते टाळता येत नाही, कारण बोथट पटाशीला जास्त जोर लावावा लागतो आणि ती निसटून हाताला लागते. गायनात याच जागी श्वास आणि ऐकणे येते. शब्द आणि हावभाव त्यानंतर.

योहान सेबास्टियन बाख याने 1720 मध्ये आपल्या नऊ वर्षांच्या मोठ्या मुलासाठी जी शिकवणीची वही सुरू केली, तिच्यात आरंभी स्वरलेखनाच्या खुणा, अलंकारांचा तक्ता आणि बोटे कुठे ठेवायची याचा धडा आहे, आणि सोप्या रचना त्यानंतर येतात. त्याच्यासारख्या संगीतकारालाही पायरी गाळावीशी वाटली नाही.

तीन अवस्थांतून जा. पहिल्या अवस्थेत तुम्ही करता आणि मूल पाहते, दुसरीत दोघे मिळून करता, आणि तिसरीत मूल करते व तुम्ही पाहता. बहुतेक घरे दुसऱ्या अवस्थेत अडकतात, कारण मोठ्या माणसाला वेडावाकडा खाचा पाहवत नाही आणि ते मुलाच्या हातातून पटाशी काढून घेते. तिसऱ्या अवस्थेत आपले हात मांडीवर ठेवून बसावे आणि इजा होण्याची भीती असेल तरच मध्ये पडावे. काम संपल्यावर एकच चूक सांगावी, सर्व नव्हेत.

सराव रोज पंधरा-वीस मिनिटांचा असावा. आठवड्यातून एकदा दोन तास बसवण्याने तेवढा उपयोग होत नाही.

सावधान : कसबातली चूक विश्वासातली चूक ठरवू नये. "देवाने दिलेले तू मातीत पुरतो आहेस," असे सराव चुकवणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला म्हणणे हा मत्तयातल्या त्या दाखल्याचा गैरवापर आहे. तसेच वचने पाठ करणे किंवा वाद्याचा सराव करणे या गोष्टी शिक्षा म्हणून कधीही देऊ नयेत.

## टप्पा 5 : देणगी आणि विश्वास यांची गाठ घाला

गाठ घालण्याचे काम सेवेतून होते, आणि पहिली सेवा जिथे टाळ्या नाहीत तिथे असावी. गाणाऱ्या मुलीला आधी अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या वृद्धेकडे न्यावे आणि तिला हवे ते गीत म्हणू द्यावे. सुतारकाम शिकणाऱ्याने पहिली नीट जमलेली वस्तू अशा माणसाला द्यावी जो परतफेड करू शकणार नाही. शिवण येणाऱ्याने दुसऱ्याचा फाटलेला कपडा दुरुस्त करावा. असे बऱ्याचदा झाल्यावर मगच मंडळीपुढे उभे राहण्याचा विचार करावा.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला दुसरा अध्याय या बाबतीत फार गंभीर इशारा देतो : एलीचे मुलगे हफनी आणि फिनहास पवित्रस्थानात सेवा करत होते, पण ते परमेश्वराला ओळखत नव्हते. सेवेची सवय विश्वासाची जागा घेऊ शकते आणि बाहेरून पाहणाऱ्याला वर्षानुवर्षे काहीही कळत नाही.

सेवेहून परतताना "किती छान झाले" यापेक्षा "त्यांना काय वाटले असेल?" असे विचारावे. पुढे त्याच देणगीवर पोट भरण्याचा प्रश्न येईल, तेव्हा प्रामाणिक कामाचा मोबदला घेण्यात गैर काही नाही, हेही मोकळेपणाने सांगून टाकावे. नाहीतर मुलाला कमाई करताना उगाच अपराधी वाटत राहते.

पडताळणी : कोणी पाहणार नाही आणि कोणाला कळणार नाही अशी एखादी सेवा मुलाने आपणहून केली का? अजून नसेल, तर पुढच्या टप्प्याची घाई करू नये.

## टप्पा 6 : जबाबदारी खरोखर सोपवा

काम सोपवले जाते, निर्णय सोपवला जात नाही. माझ्या पाहण्यात वारसा सर्वांत जास्त इथे अडतो. चाळिशीतल्या मुलाला अजूनही प्रार्थनेत कोणते गीत म्हणायचे हे वडिलांना विचारावे लागते, आणि वडील गेल्यावर त्याला एकाएकी सर्व काही स्वतः ठरवावे लागते.

गणना या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात उपासनास्थानाची सेवा करणाऱ्या लेवी वंशासाठी नियम आहे : त्यांनी 25 व्या वर्षी सेवेत यावे आणि 50 व्या वर्षी नियमित सेवेतून निवृत्त व्हावे, त्यानंतर आपल्या भावांना साहाय्य करावे पण स्वतः ती सेवा करू नये. जुनी आणि नवी पिढी एकाच वेळी हजर असते आणि कामाचा भार मात्र नव्या पिढीवर असतो, ही योजना घरातही राबवता येते.

आठवड्यातील एका दिवसाची कौटुंबिक प्रार्थना मुलाकडे द्यावी. उतारा, गीत, वेळ आणि पद्धत तेच ठरवील. त्याने तुमच्या चालीऐवजी वेगळी चाल घेतली, किंवा प्रार्थना तुमच्या मते फार लवकर संपवली, तरी तिथे काही बोलू नये. त्याने विचारले तर दुसऱ्या दिवशी सांगावे. त्यानंतर घरातली एखादी कायमची सेवा, तिचा खर्च आणि तिच्यातले निर्णय यांसह त्याच्या नावे करावी.

सावधान : पद केवळ आपले मूल आहे म्हणून देऊ नये. शमुवेलाने आपल्या मुलांना न्यायाधीश नेमले आणि त्यांनी लाच घेऊन न्याय विपरीत केला. ज्या मुलाचा पैशाचा लोभ गेलेला नाही त्याच्याकडे मंडळीचा पैसा नको, मग तो कितीही हुशार असो.

## टप्पा 7 : प्रश्न, नकार आणि दुरावा

हा टप्पा वेळ सांगून येत नाही; तो मधेच कधीही उगवतो. मुलाने विश्वासावर शंका घेतली की पहिल्या दिवशी फक्त ऐकावे. उत्तर माहीत नसेल तर तसे सांगून एकत्र शोधायला बसावे. नातेवाइकांना गोळा करून समजूत घालण्याची बैठक भरवू नये; त्या बैठकीनंतर मूल शंका घेणे थांबवत नाही, ते तुम्हाला सांगणे थांबवते.

मुलाने प्रार्थनेला बसणे सोडले तर कसब शिकवणे चालू ठेवावे, आणि उलटही तसेच. एक गोष्ट दुसरीसाठी ओलीस धरली की दोन्ही जातात. बरोबर काम करताना हात गुंतलेले असतात आणि बोलण्याचा धागा तुटत नाही. पुष्कळदा विश्वासाकडे परतण्याची वाट त्याच धाग्याने उघडी राहते.

घरातल्या कोणालाही ती कला नको असेल, तर ती पुतणीला, भाच्याला किंवा मंडळीतल्या एखाद्या उत्सुक मुलाला शिकवावी. तीमथ्य पौलाच्या रक्ताचा नव्हता, तरी पौल त्याला विश्वासातले लेकरू म्हणतो. कुटुंबाची सीमा याबाबतीत थोडी सैल ठेवण्याची तयारी आधीपासून असावी.

## टप्पा 8 : लिहून ठेवा आणि साधने मार्गी लावा

दावीद राजाने आपला मुलगा शलमोन याला मंदिराविषयी तोंडी आशीर्वाद देऊन भागवले नाही. ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाच्या 28 व्या अध्यायानुसार त्याने दालने, कोठारे आणि पात्रांच्या वजनापर्यंतचा आराखडा त्याच्या हाती दिला. तुमच्या वहीतही असाच तपशील उतरवावा : कोणते गीत कोणत्या पट्टीत म्हटले जाते, घरातली जुनी चाल कशी आहे (ती मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी), सांध्यांची मापे, शिवणाचे नमुने, चुकलेल्या कामांच्या नोंदी, आणि अडल्यास कोणाला विचारावे. वृद्ध व्यक्तीचे हात काम करतानाचे चित्रण जवळून घ्यावे, कारण चेहऱ्याच्या चित्रणातून पकड कळत नाही. प्रार्थनेच्या विनंत्या आणि त्यांचे पुढे काय झाले, यासाठी स्वतंत्र पाने राखावीत. वहीची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावी आणि वर्षातून एकदा सर्वांनी मिळून तीत भर घालावी.

वाद्ये, अवजारे आणि जुने शास्त्र कोणाकडे जाणार हे हयातीतच सर्वांसमोर सांगून लिहून ठेवावे. वापरणाऱ्याला साधन आणि बाकीच्यांना त्या मोलाचे दुसरे काही, हा निकष मला सर्वांत न्याय्य वाटतो. वाद्य सर्वांत मोठ्या मुलाच्या दिवाणखान्यात शोभेला ठेवले गेले आणि वाजवणारी धाकटी मुलगी उसन्या वाद्यावर सराव करत राहिली, तर भावंडांत कडवटपणा येतो आणि सरावही मागे पडतो. साधन देताना त्याची निगा कशी राखायची ते त्या मुलाकडून एकदा तुमच्यासमोर करून घ्यावे, आणि शक्य असेल तर ते त्याच आठवड्यात त्याच्या घरी पोचते करावे.